चिमणाबाईचे उपास

हुपरीत आमच्या गल्लीत उपास न धरणारी बाई एकच होती, चिमणाबाई. संकष्टी असो, एकादशी असो, ही बाई भर दुपारी उंबऱ्यात बसून ज्वारीची भाकरी, खर्डा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा सगळ्यांच्या नाकावर टिच्चून खायची. एका शिवरात्रीला मी म्हटलं, "काकी, आज तरी दार लावून खा की." तर म्हणाली, "उपास भरल्या पोटाचा असतोय क्रांते. माझं भरलं की सांगतो तुला." आणि उरलेला कांदा तोंडात टाकला.

त्याच चिमणाबाईनं गेल्या श्रावणात सोमवार धरला. गल्लीतल्या बायका हसल्या, म्हातारपणी देव आठवला म्हणाल्या. मला मात्र हसू आलं नाही. त्या सोमवारामागं काय आहे हे गल्लीत दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला.

मी क्रांती. गल्लीच्या तोंडाचं रेशन दुकान आमच्या बचत गटाकडं आहे आणि ते मी चालवते. कुणाच्या घरात किती तोंडं आणि कुणाच्या डब्यात किती दाणे हे मला त्यांच्या सासवांच्या आधी कळतं. ही फुशारकी नाही. या माहितीचा मी काय उपयोग केला ते पुढं येईलच, आणि ते सांगताना मला स्वतःची लाज वाटणार आहे.

चिमणाबाईचा नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा यशराज चार वर्षांचा होता. हुपरीत घरोघरी चांदीचं काम, तेव्हा बाईला उपाशी मरायची वेळ येत नाही असं म्हणतात. ती शेठकडून पैंजणांच्या कड्या आणायची, घरी पाटावर बसून बारीक जाळावर त्या एकेक करून जोडायची आणि घुंगरं लावून परत द्यायची. तीस वर्षं हेच. मान पुढं वाकली ती वाकलीच, बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली. पण पोटाचा खरा आधार होता पिवळं कार्ड. अंत्योदयाचं, म्हणजे सरकारनं ज्यांना गरिबांतले गरीब मानलं त्यांचं. महिन्याला घरटी पस्तीस किलो धान्य. गहू-तांदूळ आला की दुकान उघडायच्या आधी तिची पिशवी पायरीवर दगडाखाली ठेवलेली असायची. गव्हात खडा निघाला तर तो खडा दुसऱ्या दिवशी आणून माझ्या टेबलावर ठेवायची. "ह्यो तुझा. वजनात धरलावतास," म्हणायची. मी चिडायचे आणि मग आम्ही दोघी चहा प्यायचो.

यशराज लग्नाचा झाला आणि घोडं अडलं. आमच्या भागात मुलगी मिळणं आता किती कठीण झालंय हे ज्याच्या घरात तिशीचा मुलगा आहे त्याला विचारा. नोकरी पाहिजे, घर पाहिजे, थोडी का होईना जमीन पाहिजे. यशराज दिसायला नीट, कामाला वाघ, व्यसन नाही. तरी अकरा ठिकाणी नकार आला. पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, चांगलं बोलतात आणि जाताना चौकशीला बाहेर पडतात. चौकशीची ठिकाणं ठरलेली: किराणावाला, शेजार, आणि हल्ली रेशन दुकान. कार्डाचा रंग विचारला की घराचं सगळं कळतं, दुसरं काही विचारावं लागत नाही.

बाराव्या खेपेचे पाहुणे कागलकडचे होते. त्यांच्यातला एकजण माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "त्या यशराजच्या घरचं कार्ड कुठलं हो?" मी गिऱ्हाईकाच्या गर्दीत होते. म्हटलं, "पिवळं." चार दिवसांत निरोप आला, जमत नाही. चिमणाबाई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. धान्य घ्यायला यायची, मशीनवर अंगठा ठेवायची आणि माझ्या डोक्यावरच्या देवीच्या फोटोकडं बघत उभी राहायची.

नेमके त्याच सुमारास वरून फॉर्मचे गठ्ठे आले होते. ज्यांना गरज नाही त्यांनी स्वतःहून धान्याचा हक्क सोडावा, म्हणजे ते गरजूंना जाईल. कल्पना वाईट नव्हती. पण माझ्या दुकानात गरज नसणारे कोण? दोन निवृत्त मास्तर आणि एक ट्रॅक्टरवाला. रेशन दुकानदारांच्या बैठकीत पुरवठ्याचे साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या दुकानात सगळेच गरीब कसे काय?" सगळे हसले. मी कोरा गठ्ठा पदराखाली धरून घरी आले.

एक महिन्याचा अबोला मोडून चिमणाबाई आली ती या फॉर्मसाठीच. "ते धान्य सोडायचं कागूद हाय न्हवं तुझ्याकडं? दे इकडं."

"काकी, डोकं ठिकाणावर हाय का? पस्तीस किलो हाय."

"दोन माणसं आमी. पोरगा मिळवतोय, मी मिळवतो. धान्य काय, इकत घिऊ. पर पिवळ्या कार्डावर माझ्या घरात सून येणार न्हाय." तिनं अंगठा पुढं केला. "आनि आता कोण आलं की सांगायचं, गरज न्हाय म्हणून सोडलंय. खोटं बोलाय लावत न्हाय मी तुला."

मी तिला अडवायला हवं होतं. एकदा सोडलं की परत मिळायचं कठीण आहे, एवढं एक वाक्य मला माहीत होतं आणि ते मी बोलले नाही. गठ्ठ्यातले तीन फॉर्म भरले होते, मला चौथा मिळत होता. हे असं आहे. नंतरच्या बैठकीत साहेबांनी माझं नाव घेतलं आणि मी खुर्चीत जरा ताठ बसले, हेही सांगून टाकते.

दोन महिन्यांनी निपाणीकडून विजयसिंह नावाचा माणूस आला. भाचीसाठी स्थळ बघत होता. कार्डाचं विचारल्यावर मी चिमणाबाईनं शिकवलं तेच म्हटलं, "त्यांनी धान्य सोडलंय. गरज नाही म्हणाल्या." मामांनी मान डोलावली. त्या वैशाखात राजनंदिनी सून म्हणून आमच्या गल्लीत आली. तेवीस वर्षांची, बारीक आवाजाची, आईला अव्वा म्हणणारी. सासूला ती आत्ती म्हणायची आणि आत्तीच्या प्रत्येक शब्दावर हसायची. चिमणाबाई वर्षभर हवेत होती. सुनेला एकटीला कधी वाढू दिलं नाही. ताटात आधी तिला, मग यशराजला, मग स्वतःला.

मग चांदी चढली. चांदी चढली की हुपरीत पैसा येतो असं बाहेरच्यांना वाटतं. उलट होतं. भाव इतका वर गेला की बायकांनी पैंजण घेणं थांबवलं, शेठनी माल काढणं थांबवलं, आणि कड्या जोडणाऱ्या बायकांच्या पाटावर काम येईना. आधी आठवड्यातले चार दिवस, मग दोन, मग शेठचा पोऱ्या यायचाच बंद झाला. यशराजच्या कारखान्यानं सहा कारागिरांतले दोघे ठेवले. तो त्यातला नव्हता. इचलकरंजीला यंत्रमागावर त्याला पाळी मिळाली. तिथंच चौघांत खोली घेऊन राहायला लागला आणि सुट्टीला घरी यायला लागला. तो आणायचा त्यातून घरभाडं, गॅस आणि वीज जायची, आणि मग धान्याच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर फारसं काही राहायचं नाही.

तेव्हा चिमणाबाईनं सोमवार धरला. पंधरा दिवसांत गुरुवार आला. भाद्रपदात शनिवार. नवरात्रात नऊचे नऊ दिवस, आणि नवरात्र संपल्यावर शुक्रवार तसाच राहिला. साबुदाणा नाही, शेंगदाणा नाही, वरई नाही. "माझा उपास निरंकार असतोय," म्हणायची. संध्याकाळी हुलग्याचं पातळ माडगं प्यायची, तेही वाटीभर. पोलक्याची बाही दंडावर हलायला लागली. मी एकदा दुकानात कुणी नसताना म्हटलं, "काकी, बस कर हे देवाचं." ती पुटपुटली, "गप. माझी सून देव मानणाऱ्या घरातली हाय."

घरातला तांदूळ दोघांना पुरत नव्हता, म्हणून एकीनं देव धरला होता. एवढंच होतं ते. आणि बाहेर बायका म्हणत होत्या, बघा, सासू असावी तर अशी भक्तीची.

दिवाळीत कळलं, राजनंदिनीला दिवस गेलेत. गल्लीत चिमणाबाईनं साखर वाटली, वाटी घेऊन माझ्याकडं आली आणि आमच्या मागल्या दारी धपकन बसली. "क्रांते, मला परत कार्डात घाल," म्हणाली. "आता अब्रू-बिब्रू काय न्हाय. पोटुशी पोर हाय घरात."

दिवाळीची सुट्टी संपल्यावर लगेच आम्ही एसटीनं तालुक्याच्या ऑफिसात गेलो. तिथला मुलगा वाईट नव्हता. त्यानं नीट ऐकून घेतलं, कार्डाचा नंबर घातला आणि पडदा आमच्याकडं फिरवला. "आजी, तुम्ही स्वतः लिहून दिलंय की गरज नाही. आता इष्टांक भरलाय. म्हणजे तालुक्याला जेवढी नावं ठरलीत तेवढी झाली. कुणी कमी झालं की मग बघता येईल. पण तुमच्यापुढं यादी मोठी आहे."

एसटीत बसल्यावर ती खिडकीबाहेर ऊस बघत होती. मग म्हणाली, "कमी झालं म्हंजी मेलं, व्हय?"

"मेलं, नायतर गाव सोडून गेलं."

"मग मी कमी झालो तर माझी जागा सुनंला मिळंल काय?"

मला तिच्या तोंडाकडं बघवेना. "काकी, तुझी जागाच न्हाय आता यादीत. तू आधीच कमी झालीयास."

त्यानंतर तिचं एक नवीनच सुरू झालं. मागच्या गल्लीत बयाबाई नावाची एकटी म्हातारी आहे, अंत्योदयाची. चिमणाबाई रोज सकाळी दुकानाशी येऊन विचारायची, "बयाबाई कशी हाय?" पहिल्यांदा मला वाटलं माया. चौथ्या दिवशी तिचे डोळे बघितले आणि ती यादीतली जागा रिकामी व्हायची वाट बघतेय हे मला कळलं. तिलाही ते कळलं असावं. त्या दुपारी ती बयाबाईकडं गेली, तिचं घर झाडून काढलं, पाणी भरलं, आणि परत येताना माझ्या पायरीवर डोकं टेकून रडली. "मी लई वाईट बाई हाय ग," म्हणाली. तिला तसं रडताना मी नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

आता तिच्या डोक्यात एकच हिशेब होता, महिन्यांचा. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मुलीला घेऊन जायचं. राजनंदिनीच्या माहेरी शेती आहे, दोन म्हशी आहेत, अव्वाच्या हातात माया आहे. सातव्यापर्यंत ढकललं की पोरगी तिकडं जाईल, खाईल-पिईल, बाळ धडधाकट होईल. तोवर घरातलं सगळं तिच्या पोटात गेलं पाहिजे. मला ती बोटं मोडून सांगायची, आता राहिले तीन महिने, आता राहिले अडीच.

आणि इथं घात झाला. पौषात आशाताई तपासणीला आली ती थेट माझ्याकडं दुकानात आली. म्हणाली, "त्या राजनंदिनीचं वजन महिन्यात एक किलो उतरलंय. वाढायच्या दिवसांत उतरतंय. रक्त तर पार कमी. विचारलं तर म्हणते उपास असतात."

"उपास सासू धरती."

"सून पण धरती की. सोमवार, गुरुवार, शनिवार."

तो शनिवारच होता. मी घरी जाऊन चार धपाटी लाटली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि ताट घेऊन चिमणाबाईच्या घरी गेले. सासू-सून दोघी चुलीच्या खोलीत बसल्या होत्या. मी ताट राजनंदिनीपुढं ठेवलं आणि आशाताई काय म्हणाली ते सांगितलं. चिमणाबाईनं ताट सुनेकडं आणखी सरकवलं. तिला खरंच माहीत नव्हतं. दुपारी ती दाराशी बसून असायची आणि सून आत जेवते असं समजायची.

"खा," ती म्हणाली.

"आज शनवार हाय न्हवं, आत्ती."

"पोटुशीनं उपास धरायचा नसतोय. खा म्हणतो न्हवं."

"तुमी चार-चार धरताय. मी तीन तरी धरतो की."

चिमणाबाईचा आवाज फाटला. "खोटं हाय ग ते. कुठला शनवार आनि कुठला गुरवार. मी देवाला कवा हात जोडलेला न्हाय. घरात दाणं न्हाईत म्हणून धरलाय मी उपास. तुझ्यापायी धरलाय. खा आता."

मला वाटलं पोरगी हादरेल. ती उठली, फळीवरचा तांदळाचा मोठा डबा काढला, आमच्यासमोर ठेवला आणि आत हात घातला. वरचा बोटभर तांदळाचा थर बाजूला झाला आणि खालून पालथं घातलेलं पितळी पातेलं वर आलं. डबा भरलेला दिसावा म्हणून ठेवलेलं.

"मला दसऱ्यापासनं ठावं हाय," राजनंदिनी म्हणाली. "तांदूळ काढाय गेलतो, माप टणकन वाजलं."

"मग कशाला ग उपाशी ऱ्हातीस?"

"मी न्हाय खाल्लं तर उरंल, आनि उरलं तर तुमी खाशीला, असं वाटलं." ती पदरानं नाक पुसत होती. "पर तुमी उरल्यालं झाकून ठेवता, ह्येंच्या सुट्टीसाठनं."

खरं होतं ते. यशराज सुट्टीला यायचा तेव्हा त्या घरात चटणी, आमटी, भात, सगळं व्हायचं. तिघं हसून जेवायची. बाकीचे सहा दिवस काय चालतं हे त्या मुलाला माहीत नव्हतं आणि दोघींनी आपापल्या परीनं त्याला कळू दिलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही तिघींनी एकेक धपाटं खाल्लं आणि चौथं राजनंदिनीला खायला लावलं. रडून झालं, हसूनही झालं. मला वाटलं, चला, सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की काहीच सुटलेलं नाही. खरं बोलून दोघी मोकळ्या झाल्या, डबा तेवढाच रिकामा राहिला. उलट आता एकीच्या उपासावर दुसरीचा पहारा बसला. भाकरी मधोमध मोडायची, अर्धी-अर्धी घ्यायची, आणि दोघीही आपली अर्धी दुसरीनं तिची खाल्ल्याशिवाय उचलायच्या नाहीत. मी माझ्या घरातून जमेल ते न्यायचे. दुकानातल्या पोत्याला हात लावता येत नाही, दाणा दाणा मशीनला माहीत असतो. आणि माझंही घर सहा माणसांचं आहे.

सातवा लागला. निपाणीहून मामांचा फोन आला, अमुक दिवशी न्यायला येतो. राजनंदिनीनं परस्पर सांगून टाकलं, डॉक्टर प्रवास नको म्हणाल्यात. बाळंतपण इथंच होईल.

चिमणाबाई तिच्या पाया पडायची तेवढी राहिली होती. "जा ग बाई. तितं दूध हाय, अव्वा हाय."

"मी गेलो की तुमी चूल पेटवणार न्हाय," राजनंदिनी म्हणाली. "मी हाय म्हणून अर्धी तरी खाताय. मी न्हाय जाणार."

एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली. त्या पोरीचा आवाज बारीक होता, पण मन कसलं चिवट होतं. चिमणाबाई माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी तिला बसही म्हणू शकले नाही. तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "शप्पथ घे. मी उद्या काय करंन ते करंन. तू मधी पडायचं न्हाय आनि कुणाला खरं सांगायचं न्हाय. सांगितलंस तर माझं मेल्यालं तोंड बघशील."

मी विचारलं काय करणार आहेस. ती म्हणाली, "आधी शप्पथ घे." मी घेतली. आयुष्यात दोनदा मी त्या बाईचं ऐकलं, एकदा फॉर्मच्या वेळी आणि एकदा तेव्हा.

दुसरा दिवस रविवार. यशराजची सुट्टी रविवारी नसायची. मामांना तिनंच फोन करून बोलावून घेतलं होतं. गाडी गल्लीत शिरली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, सगळी माणसं घरी, दारं उघडी. चिमणाबाई राजनंदिनीची कपड्यांची बॅग घेऊन बाहेर आली आणि रस्त्यावर फेकली. मग तिनं आवाज लावला. गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा.

"घिऊन जावा तुमची भाची. चोरटी हाय. माझ्या डब्यातलं तांदूळ चोरून इकती. कड्या आनत हुतो तवा त्यातली चांदी मारली. असली सून मला नगो. परत हितं पाय ठेवायचा न्हाय."

राजनंदिनी दारात उभी होती, एक हात पोटावर. तिला कळलं होतं. सासू हे का करते आहे हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. "आत्ती, असं नगा करू," एवढंच ती म्हणत राहिली. चिमणाबाईनं तिच्या खांद्याला धरून तिला पायरीवरून खाली उतरवलं. ढकललं नाही, उतरवलं. पण लांबून बघणाऱ्याला ते ढकलल्यासारखंच दिसलं.

मामांनी बॅग उचलून गाडीत टाकली. म्हणाले, "गरज न्हाय म्हणून धान्य सोडणाऱ्या घरात पोरगी दिली आमी. ही दानत हाय व्हय तुमची?" राजनंदिनीनं माझ्याकडं बघितलं. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. तू तरी बोल, असं ती डोळ्यांनी सांगत होती. मी खाली बघितलं. गाडी गेली. समोरच्या घरातली बाई चिमणाबाईच्या दाराकडं बघून थुंकली, आणि सगळ्या गल्लीनं त्या दिवशी तेच केलं.

चोवीस दिवस झाले त्याला. माणूस मेलं तरी गल्ली सुतकापुरती दार वाजवते, चिमणाबाईचं दार कुणी वाजवत नाही. यशराजला जे कळलं ते गल्लीकडूनच कळलं. राजनंदिनीनं खरं सांगून बघितलं, पण ती सासूला झाकते असंच त्याला वाटलं. तो आईला फोनवर एवढंच म्हणाला, "तुझं तोंड बघणार न्हाय." आता सुट्टीला तो इचलकरंजीहून परस्पर निपाणीकडं जातो. त्यामुळं आठवड्यातला जो एक दिवस त्या घरात भात शिजायचा तोही गेला.

मी रोज दुपारी ताट घेऊन जाते. सुरुवातीला ती चतकोर भाकरी मोडायची. आता दोन घासांवर तिला उमासा येतो, पोटानंच नको म्हणायला सुरुवात केलीय. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, तिचं बाळंतपण होऊ दे, मग. मला झोप लागत नाही. राजनंदिनीचा नंबर माझ्याकडं आहे. मी एक फोन करून खरं सांगितलं तर ती पोरगी तासाभरात इथं हजर होईल, आठवा लागत आलेला असताना, आणि अर्धी भाकरी पुढं घेऊन बसेल. नाही केला तर इथं काय होणार ते मला रोज दुपारी थोडं थोडं दिसतं. शपथेपेक्षा मला या दोन गोष्टींची भीती जास्त वाटते, आणि मी ठरवू शकलेली नाही.

आज दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. ताट समोर होतं, आमटी गार झाली होती, भाकरीला हात लागलेला नव्हता. ती भिंतीला टेकून डोळे मिटून होती. माझा फोन वाजला. राजनंदिनी. ती रोजच करते, आत्तीला कळू देऊ नका म्हणून. वजन साडेतीन किलो वाढलं म्हणाली. अव्वा रोज डिंकाचे लाडू घालते म्हणाली. मग विचारलं, "ताई, आत्ती जेवत्यात न्हवं?"

"जेवती की," मी म्हटलं. "आत्ताच बसलीय ताटावर."

"जवळ हाईत? मग द्या की त्यांच्याकडं. एकदा आवाज ऐकतो, बोलल्या न्हाईत तरी चालंल."

चिमणाबाईनं डोळे उघडले होते. फोनातला आवाज तिला ऐकू गेला होता. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण घसा कोरडा पडला होता आणि शब्द उमटला नाही. तिनं पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग हातानं मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी श्वासानंच म्हणाली, "तोंडात घास हाय म्हणून सांग तिला."

मी तसं सांगितलं.